झाकून ठेवलेली हवा

मी थापाड्या आहे. हे आधीच कबूल केलेलं बरं, नाही तर आमच्या जानेफळचा कोणी तरी हाच अंक काखेत मारून तुमच्या दारी येईल आणि सांगेल. लहानपणी शाळा बुडवल्याची मी जी कारणं दिली, त्यांत दोनदा वाघ होता आणि एकदा तर गुरुजींचंच निधन झालेलं होतं, तेही गुरुजींसमोर. अशा माणसाला नोकरी कोणती मिळावी? हवा मोजायची. तीही मिलिग्रॅममध्ये. साखरेचा एक बारीक दाणा बोटावर घ्या, साधारण तेवढं वजन. आयुष्यभर मी जिभेनं म्हशी उडवल्या आणि हातानं मिलिग्रॅम लिहिले.

हवा मोजायची मशीन कबुतराच्या खुराड्यासारखी दिसते. चार पायांची पत्र्याची पेटी, वर उतरतं छप्पर, आत पंखा. पंखा हवा ओढतो, हवा एका पांढऱ्या गाळणकागदातून जाते आणि तिच्यातली धूळ कागदावर बसते. कागद लावायच्या आधी त्याचं वजन, दिवसभरानंतर काढला की पुन्हा वजन. मधला फरक म्हणजे आसपासच्या माणसांनी त्या दिवशी छातीत काय भरलं त्याचा हिशेब. धुळीत विष आहे का, ते प्रयोगशाळा त्याच कागदावरून सांगते. एवढंच शास्त्र आहे, बाकी सगळ्या सह्या.

मशीनचा आवाज मात्र काही विचारू नका. खामगावात बटण दाबलं की जळगाव जामोदच्या म्हशी पान्हा चोरायच्या. आता यात थोडी अतिशयोक्ती आहे. म्हशी नांदुऱ्याच्या होत्या.

लोक मला 'हवावाले' म्हणत आणि हवामान खात्याचा समजत. पेटी मांडली की पाचदहा शेतकरी गोळा. "हवावाले, पाऊस कवा हाय?" मी आकाशाकडे बघून ठणकावून सांगायचो, "मंगळवारी." आला तर भुईमुगाच्या शेंगा मिळायच्या. नाही आला तर, "वरून रद्द झाला." कोणाचं काही बिघडत नव्हतं. पाऊस काही माझं ऐकून येत नव्हता आणि शेतकरीही माझं ऐकून पेरत नव्हता. पण माझी एक थाप भिंतीपलीकडच्या माणसांच्या छातीत जाऊन बसली. ती सांगायला आज बसलोय.

खामगावच्या बाहेर एक बंद कारखाना होता. कपाशीवर धुरळायची पावडर तिथे तयार व्हायची. आपल्याकडे शेतकरी विषाला विष म्हणत नाही, औषध म्हणतो. औषध आणलं, औषध मारलं, औषधानं अळी गेली. त्यामुळे गेटवरची पाटी गळून पडली तरी लोकांच्या तोंडी नाव एकच, औषधाचा कारखाना. परगावचा एक म्हातारा खोकल्याची रिकामी बाटली घेऊन तिथे गेला होता, असं सांगतात. सांगतात म्हणजे मीच सांगतो.

पुढे त्या पावडरवर बंदी आली. मग बीटीचं बियाणं आलं, बोंडअळीवरची फवारणी एकदम कमी झाली आणि कारखाना मेला तो मेलाच. मालक गेले, मशिनरी भंगारात गेली. राहिली ती जमीन. तीस वर्षं जिच्यावर पावडर सांडली, जिच्यात फुटकी पोती पुरली, पावसाळ्यात जिनं ते सगळं पिऊन घेतलं, ती जमीन. आणि राहिला चौकीदार गुलाबराव.

पहिल्या दिवशी गुलाबरावानं मला सगळं आवार फिरवून दाखवलं, एखादा माणूस आपला मळा दाखवतो तसं.

"साहेब, इथं मच्छर नाही," तो अभिमानानं म्हणाला. "तीस वर्सं झाले, मच्छरदानी कशी असते मले माहीत नाही. मुंगी येत नाही, पाल येत नाही. सासूबी एकदाच आली होती."

मी हसलो. मग खाली बघितलं आणि हसू विरलं. दसरा चार दिवसांवर आलेला, पाऊस नुकताच उघडलेला, भिंतीबाहेर कमरेएवढं हिरवं गवत माजलेलं. आत मात्र एक काडी नाही. मी गुडघ्यावर बसून मुंगी शोधली. वाघ बघितल्याच्या थापा मी पुष्कळ मारल्या, पण अंगावर काटा काय असतो ते मला मुंगी न दिसल्यानं कळलं.

जमीन साफ करायचं काम पुण्याच्या एका मॅडमकडे होतं. वयानं माझ्या मुलीएवढ्या, डोक्यावर पिवळं हेल्मेट, चालणं असं की मागून धावावं लागे. त्यांनी सगळ्या आवारावर दोऱ्या बांधून चौकोन पाडले. प्रत्येक चौकोनात गिरमिट घालून माती काढायची, तपासायची. ज्या चौकोनात विष निघेल तो खणायचा, माती जाड पिशव्यांत बंद करायची आणि दूर एका पक्क्या खड्ड्यात नेऊन गाडायची, ज्याच्या तळाला प्लास्टिकचे थर असतात. खणताना धूळ उठणार, म्हणून पाणी मारायचं आणि भिंतीकडची हवा रोज मोजायची. ते मोजणं माझ्याकडे.

मशीन मी दक्षिणेच्या भिंतीला लावली. दसऱ्यानंतर आमच्याकडे वारा सातपुड्याकडून खाली येतो, म्हणजे धूळ दक्षिणेलाच जाणार. त्या भिंतीला लागून पलीकडे बारा घरं. पहिलं घर याकूबचाचा पिंजाऱ्याचं.

माझ्याकडे आणखी तीन ठिकाणच्या मशिनी होत्या. सकाळी इथे कागद लावून, बटण दाबून मी मोटारसायकलवर पळायचो तो संध्याकाळी उगवायचो. दिवसभर मशीन गुलाबरावाच्या भरवशावर. याआधी एका गावात चौकीदारानं माझ्या मशीनवर तुरीच्या शेंगा वाळत घातल्या होत्या. तसं इथे होऊ नये म्हणून मी गुलाबरावाला बाजूला घेतलं आणि जीभ सैल सोडली.

"गुलाबराव, ही पेटी साधी समजू नका. अशा जगात तीनच आहेत. एक अमेरिकेत, एक जपानात आणि एक तुमच्या ताब्यात. हिच्यात काही वाकडंतिकडं गेलं, तर सरकार आधी तुमचं शेत लिहून घेईल, मग माझं."

त्यानं छातीवर हात ठेवला. "काहीच जाऊ देत नाही साहेब."

मी खूश होऊन निघालो. गोष्ट सांगून झाल्यावर समोरच्याच्या डोळ्यांत जी चमक येते ना, तिच्यावर मी जगलोय.

दसऱ्याला त्यानं मशीनची पूजा केली. झेंडूची माळ, नारळ आणि मूठभर कुंकू, नेमकं जिथून पंखा हवा ओढतो तिथे. प्रयोगशाळेतून फोन आला, "लाल धूळ कुठली? तिकडे वीटभट्टी आहे का?" मी म्हटलं, "विदर्भाची मातीच तशी." त्यांनी ते लिहूनही घेतलं. याचा मी तेव्हा अभिमान बाळगला, आज लाज बाळगतो.

त्यानंतर तीन आठवडे कागद पांढरेशुभ्र. खणायची मशीन दिवसभर घरघरायची, माती उपसली जायची आणि माझे आकडे असे की महाबळेश्वरचे लोक हवापालटाला खामगावी यावेत. मी सह्या करत गेलो.

या दिवसांत माझी याकूबचाचांशी ओळख वाढली. हिवाळा तोंडावर आला होता. घरोघरच्या रजया, लग्नाच्या गाद्या पिंजायला येण्याचे दिवस. वर्षभराची भाकरी या दोन-अडीच महिन्यांत. गावात पिंजाईची विजेची यंत्रं आली होती, पण चाचांचं अजून जुनं पिंजण होतं. माणसाएवढं लांब धनुष्य, त्याला ताणून बसवलेली आतड्याची तात. ती तात कापसात धरायची, लाकडी मोगरीनं ठोकायची. तुंग, तुंग, तुंग. कापूस ढगासारखा वर उठतो आणि कचरा आपोआप खाली पडतो.

एकदा मी माझी रजई घेऊन गेलो. चाचांनी ती उसवली, तात लावली, दोन ठोके दिले.

"सुनो वानखडेसाब."

"ऐकतो ना. मस्त वाजते."

"ये तुमच्या घरची रुई. जानेफळची. साफ बोलती." मग त्यांनी कोपऱ्यातला दुसरा ढीग ओढला, जो आठ दिवस तिथेच उघडा पडून होता. पुन्हा ठोका. "अब सुनो."

तुंग नव्हतं ते. ठप् होतं. फुटक्या माठावर टिचकी मारावी तसं.

"दसऱ्यापासून अशीच बद्द बोलते," चाचा म्हणाले. "धूळ बहुत देखी मैंने. गेहूं की धूळ अलग बोलती, रस्त्याची अलग बोलते. ये तो पावडर है. पयले, बीटी यायच्या आधी, सगळा कापूस असाच बोले. मी म्हटलं, गेली बला. ते वापस आली."

मी चकित झालो. माझी जगात तीनच असलेली मशीन जे वजन करून सांगते, ते हा माणूस कानानं ऐकत होता! पण माझा कागद पांढरा होता. कागद पांढरा आणि तात बद्द. मी शिकलेला माणूस, कागदावर विश्वास ठेवला.

"चाचा, हवा स्वच्छ आहे. माझी सही आहे."

"अच्छा है," ते चटकन म्हणाले. "वैसाच लिखो. साफ है, लिखो. रुई पे लोग सर रख के सोते साब. एक बार कोई बोल दिया इसमें जहर है, तो कौन अपनी गादी लाएगा?"

त्यांच्या बायकोला, हमीदाचाचीला, हे पटलं नसावं. त्या दारात बसून गादीला टाके घालत होत्या. त्यांनी दोरा दातानं कचकन तोडला.

मग आला तो बुधवार. आवारातल्या सगळ्यात वाईट जागेची पाळी दुसऱ्या दिवशी होती. जिथे पावडर कालवायचे तो जुना हौद. मॅडमच्या मूळ बेतात हौदावर मोठा तंबू ठोकून, भिंतीकडची बारा घरं काही दिवस हलवून मगच तो उघडायचा होता. पण तंबू यायला पंधरा दिवस लागणार होते आणि माझे कागद सांगत होते की भिंतीकडे धुळीचा कणही जात नाही. "मग तंबू कशाला आणि लोकांना त्रास तरी कशाला?" असं वरच्यांनी विचारलं. बेत बदलला. उद्या सकाळी हौद उघडाच उपसायचा. खाली माझी सही.

त्या दिवशी एका ठिकाणची वीज गेली म्हणून मी दुपारीच परतलो आणि चहाला चाचांकडे शिरलो. हमीदाचाचींनी कप पुढे केला आणि म्हणाल्या, "भाईजान, एक बात पूछूं? तुम्हारी मशीन शरीफ घराने की है क्या?"

"का हो?"

"दिनभर बुरखे में रहती."

मला काही कळेना. त्यांनी मला जिन्यानं गच्चीवर नेलं आणि भिंतीपलीकडे बोट दाखवलं.

खणायची मशीन नुकतीच सुरू होत होती. गुलाबराव झोपडीतून लगबगीनं आला. हातात ओलं निथळणारं नऊवारी लुगडं. आंघोळ घातलेल्या बाळाला गुंडाळावं तितक्या मायेनं त्यानं ते माझ्या मशीनवर चारी बाजूंनी लपेटलं, गाठ मारली, वरून एक तांब्या पाणी ओतलं आणि थोपटलं. मग धूळ उठली. पिवळसर, मंद. पाण्याच्या टँकरला न जुमानता भिंतीवरून सरकत आली आणि आमच्या अंगावरून चाचांच्या अंगणात उतरली. तोंडाला कुबट चव आली. लहानपणी कपाशीच्या शेतातून शाळेत जाताना यायची, तीच.

मी जिना उतरलो की गच्चीवरून उडी मारली, आठवत नाही. सांगताना मी उडी मारली असंच सांगतो.

"गुलाबराव! हे काय करून राह्यले?"

"झाकून राह्यलो ना साहेब," तो शांतपणे म्हणाला. "खोदकाम चालू झालं का झाकतो, बंद झालं का काढतो. तुमी याच्या आंधी घडी करून ठेवतो. रोज."

"रोज?"

"दसऱ्यापासून. येवढी महागाची मशीन, धुयीनं खराब होऊन जाईन ना. वल्लं लुगडं असलं का एक कण आत जात नाही. तुमीच म्हणले होते, वाकडंतिकडं काही जाऊ देऊ नका."

धूळ मोजायची मशीन हा माणूस तीन आठवडे धुळीपासून वाचवत होता. आणि ते त्याला मी शिकवलं होतं.

मी मॅडमकडे धावलो. सगळं एका दमात सांगितलं. त्या नकाशावर वाकलेल्या, मान वर न करता हसल्या. "वानखडे, परवाच म्हशींची गोष्ट ऐकली. आज लुगड्याची का? उद्याचा हौद होऊ द्या, मग निवांत ऐकते."

"मॅडम, खरं सांगतोय."

"तुम्ही म्हशींच्या वेळीही हेच म्हणालात."

गुलाबरावाला बोलावलं. तो आला, माझ्याकडे बघितलं, मॅडमच्या हेल्मेटकडे बघितलं. बहुतेक त्याला डोळ्यांसमोर आपलं शेत दिसलं. "मले काही माहीत नाही बाई," तो म्हणाला. "मी तं गेटवरच असतो."

लुगडं मशीनवर नव्हतं. झोपडीच्या दोरीवरही नव्हतं. आजचा कागद तपासायला पाठवला तर उत्तर यायला आठ दिवस. हौद उद्या सकाळी. मी चौकात उभा राहून मेहकरपर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं खरं बोललो असतो, तरी लोकांनी विचारलं असतं, "मंग पुढं काय झालं?"

एकच साक्ष उरली होती. मी चाचांकडे गेलो.

"नाही," मी बोलायच्या आधीच ते म्हणाले. भिंती पातळ होत्या, त्यांनी सगळं ऐकलं होतं. "वानखडेसाब, हात जोडता हूं. अठरा रजया पडल्या घरात. दोन लग्नाच्या गाद्या. माझी रुई तिथं नेऊन दाखवू? पूरा खामगाव देखेगा."

"चाचा, उद्या आजच्या दहापट उडेल."

ते मोगरी हातात फिरवत राहिले. हमीदाचाची आतून म्हणाल्या, "रजई देनेवाले रजई लेके चले जाएंगे. हम किधर जाएंगे? हमको तो यहींच सांस लेनी है." मी निघालो. झुलत्या पायांनी निघालो असं म्हणायला हरकत नाही, पण मी पीत नाही. ही थाप नाही.

सकाळी हौदाभोवती सगळे जमले. खणायच्या मशीनचा दांडा वर गेला. तेवढ्यात गेटातून याकूबचाचा आत आले. खांद्यावर पिंजण, बगलेत दोन गाठोडी, मागे हमीदाचाची, डोक्यावर चटई. वरात निघाल्यासारखे दोघं थेट मशीनच्या दातांपुढे आले, चटई अंथरली आणि चाचा मांडी घालून बसले.

"बाबा, बाजूला व्हा!" ड्रायव्हर ओरडला.

"दो मिनिट," चाचा म्हणाले. "बाईसाहेब, इकडं या. वानखडेसाब झूठा आदमी है, मले माहीत आहे. मी नाही. मेरी रुई भी नहीं."

पहिलं गाठोडं संदुकीतलं, बंद कापसाचं. तात लावली. तुंग! त्या मोकळ्या, मेलेल्या आवारात तो सूर असा घुमला की ड्रायव्हरनं आपणहून इंजिन बंद केलं. कापूस उठला, पांढरा, हलका, वाऱ्यावर थरथरत. मग दुसरं गाठोडं. भिंतीलगतच्या छपरीत तीन आठवडे उघडं राहिलेलं.

ठप्.

ठप्.

तिसऱ्या ठोक्याला कापूस उठला, पण चटईवर बारीक पिवळट भुकटी झरली आणि वास आला. चाळिशीपुढच्या प्रत्येक माणसानं तो ओळखला. हात आपोआप नाकाकडे गेले. मॅडम पुण्याच्या, त्यांना तो वास माहीत नसावा. पण त्यांनी इतक्या जणांना एकाच वेळी नाक धरताना बघितलं. त्या गुडघ्यावर बसल्या, भुकटी बघितली आणि चाचांना म्हणाल्या, "पुन्हा वाजवा." चाचांनी पुन्हा दोन्ही वाजवले. त्यांनी डोळे मिटून ऐकले.

मागून हुंदका आला. गुलाबराव. त्याच्या दोन्ही हातांवर घडी केलेलं लुगडं होतं, ओटी भरायला धरावं तसं.

"बाई, शेत लिहून घ्या," तो म्हणाला. "पण याच्यात पाहा. मी धुतलं नाही कवाच. नुसतं भिजवत होतो."

मॅडमनी आधी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्याचं वजन कुठल्याही तराजूवर मावणार नाही. मग ड्रायव्हरला म्हणाल्या, "खाली उतर. आज काही उघडायचं नाही."

लुगडं प्रयोगशाळेत गेलं. तिथल्या लोकांनी कुंकू बघितलेलं होतं, त्यामुळे ते फारसे दचकले नाहीत. आठ दिवसांनी उत्तर आलं. माझ्या कागदांवर जे यायला हवं होतं, ते सगळं त्या नऊ वारांत बसलेलं होतं. तीन आठवड्यांची खरी हवा गुलाबरावाच्या बायकोच्या लुगड्यानं मोजली होती. माझ्या सगळ्या जुन्या सह्यांवर मॅडमनी माझ्याच हातानं आडवी रेघ मारून घेतली. प्रत्येक रेघेखाली पुन्हा सही.

तंबू आला. बारा घरांची माणसं एका बंद कापूस-जिनिंगच्या गोदामात हलवली. तंबूच्या आत, नळी लावलेले मुखवटे घालून, हौद उघडला. मी काठावर उभा होतो. आयुष्यात पुष्कळ अद्भुत गोष्टी मी मनानं रचल्या, पण एवढी रचू शकलो नसतो. जमिनीच्या पोटात रंगांचे थर होते. वर राखाडी, मग खडूसारखा पांढरा, मग हळदीसारखा पिवळा, मग हिरवट, असे माणूस-दीड माणूस खोल. कुठे पोत्याचं सुतळीसकट शाबूत तोंड. तीस वर्षांत ते कुजलं नव्हतं, कारण कुजवणारा एक जीवही तिथे जगला नव्हता. आपल्या जिल्ह्यातल्या कपाशीच्या प्रत्येक ओळीवर ज्या हातांनी हे धुरळलं, ते उघडे हात मला त्या थरांवर दिसायला लागले. माझ्या बापाचेही.

त्याच आठवड्यात जळगाव जामोदकडचा एक शेतकरी गेटवर आला. हातात रिकामं पोतं, घडी घालून. त्या साली बीटीच्या बोंडांतही गुलाबी अळी निघाली होती. बाहेरून बोंड टपोरं, आत सगळं खाल्लेलं.

"जुनं औषध काढून राह्यले म्हणे," तो नम्रपणे म्हणाला. "फेकाचंच हाय तं आमाले द्या एक पोतं."

मी तोंड उघडायच्या आत गुलाबराव पुढे झाला. कारखाना चालू होता तोवर ज्या गेटातून त्यानं पोती मोजून बाहेर सोडली, त्या गेटाला पाठ लावून उभा राहिला. "बापू, हे औषध नोय."

"मंग काय हाय?"

गुलाबरावानं त्या माणसाचा हात धरला, आवारात नेलं आणि म्हणाला, "एक मुंगी दाखव मले इथं."

तो माणूस बराच वेळ खाली बघत फिरला. परत येताना त्यानं पोतं आणखी लहान घडी करून काखेत घेतलं होतं. जाता जाता मला विचारलं, "तुमीच हवावाले ना? मंग आमी फवारतो तवा आमची हवा कोन मोजते?"

मला पाऊस विचारला असता तर मी मंगळवार सांगितला असता. याला काय सांगू? अजून सुचलेलं नाही.

चाचांचं मात्र त्यांनी सांगितलं तसंच झालं. अठराच्या अठरा रजया लोक उचलून घेऊन गेले, दोन्ही लग्नाच्या गाद्या गेल्या, गावभर झालं की पिंजाऱ्याच्या कापसात विष आहे. कारखान्यात होतं असं कोणी म्हणेना, पिंजाऱ्याकडे होतं म्हणे. तो हिवाळा चाचांनी दुसऱ्याच्या यंत्रावर मजुरीनं काढला. पिंजण खुंटीवर. मी भेटायला जायचो, ते चहा द्यायचे, कधी एका शब्दानं बोलले नाहीत. हमीदाचाची तेवढ्या विचारायच्या, "भाईजान, मशीन का पर्दा उठा के आए ना?"

काम पुढच्या पावसाळ्यापर्यंत चाललं. सगळे चौकोन रिकामे झाले, नवी काळी माती भरली. पावसानंतर मी शेवटच्या मोजणीला मशीन मांडत होतो, तर गुलाबराव दंड धरून ओरडत धावत आला.

"साहेब! चावला!"

"कोण?"

"मच्छर! पाहा! कसा गांदला!" त्याचे डोळे भरून आले होते. तो फोड त्यानं येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दाखवला. मॅडमनी तर त्याचा फोटो काढला. दुपारी कोपऱ्यात दुर्वा सापडल्या आणि त्यांच्या मुळाशी मुंग्यांची एक ओळ. आम्ही तिघं उकिडवे बसून मुंग्या बघत राहिलो. त्या कुठून तरी कुठे तरी निघाल्या होत्या, जणू मधली तीस वर्षं झालीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सरकारी कागद काढल्यावर मी मशीनमध्ये आणखी एक कागद लावला, माझ्यासाठी. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मशीनशेजारी स्टूल टाकून बसलो. उठलो नाही. गुलाबरावाला जवळ फिरकू दिलं नाही. संध्याकाळी काढला तो कागद दुधावरच्या सायीसारखा पांढरा होता.

तो घेऊन मी चाचांकडे गेलो. सोबत माझी जुनी रजई, दिवसभर मशीनशेजारी उसवून उघडी ठेवलेली. चाचांनी खुंटीवरचं पिंजण उतरवलं, अंगणातच, भिंतीच्या कडेला बसले आणि तात लावली.

तुंग.

हमीदाचाचींनी माझ्या हातातला कागद घेतला, उलटापालटा बघितला. दुसऱ्या दिवशी तो काचेच्या चौकटीत बसून दुकानात लागला.

अजूनही आहे. गिऱ्हाईक परतायला दोन हिवाळे गेले, पण परतलं. नवीन माणूस गादी घेऊन आला की भिंतीवरची ती कोरी चौकट बघून विचारतोच, "चाचा, हे काय हो? काही लिहिलं तं नाही."

चाचा मोगरी थांबवतात.

"वानखडेसाब का लिखा हुआ है," ते म्हणतात. "पूरा पढ़ लो. एक लफ्ज झूठ नहीं."